खालच्या भांड्यातलं पाणी

आमच्या घरात फिल्टर आला तो सदर बाजारातून, बसने, बाबांच्या मांडीवर बसून. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. दिल्लीत सरकारी क्वार्टर मिळायला आमचा नंबर लागत नव्हता, म्हणून आम्ही यमुनेपलीकडे नोएडाच्या एका सेक्टरमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. बसमध्ये कुणाचं तरी कोपर लागलं आणि फिल्टरच्या झाकणाला पोचा आला. ते झाकण पुढे कधीच नीट बसलं नाही. एक बाजू दाबली की दुसरी उचलायची. आईने त्यावर भरतकामाचा रुमाल घालून पोचा झाकला. तो रुमाल ओला व्हायचा, वाळायचा, पुन्हा ओला व्हायचा, आणि आमच्या स्वयंपाकघराला कायम दमट कापडाचा वास असायचा. तरीही आईला त्या फिल्टरचा अभिमान होता. महाराष्ट्रातून कुणी आलं की चपला काढायच्या आत ती सांगायची, आमच्याकडे फिल्टरचं पाणी आहे, बिनधास्त प्या.

फिल्टर म्हणजे एकावर एक ठेवलेली स्टीलची दोन भांडी. वरच्या भांड्यात तीन कँडल, पांढऱ्या, हाताला खडूसारख्या लागणाऱ्या. वर पाणी ओतायचं, ते कँडलमधून झिरपून खालच्या भांड्यात थेंबथेंब पडायचं आणि खालच्या तोटीतून ते प्यायचं. कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात त्या वस्तूइतकं हट्टी माणूसही मी पुढे पाहिलं नाही. भरायला सबंध रात्र आणि रिकामं व्हायला एक जेवण. तोटी गळायची, म्हणून तिच्याखाली कायम एक पातेली. बाबा सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून बसवायचे आणि आठवड्यात ते पुन्हा ढिले पडायचे. आत किती पाणी आहे हे बाहेरून दिसायचं नाही. बोटांच्या पेरांनी भांड्यावर टकटक करायची, भद्द आवाज आला तर पाणी, खणखणीत आला तर रिकामं. अंदाज चुकला की खालचं भांडं भरून वाहायचं आणि सकाळी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं की थंडगार तळं. दर रविवारी कँडल काढून जुन्या टूथब्रशने घासायच्या. त्यांच्यावर तपकिरी बुळबुळीत थर धरायचा. तो काढला नाही तर थेंब पडायचे थांबायचे, आणि जोरात घासलं तर कँडलला चीर जायची. एकदा आईने त्या उकळल्या आणि एक तडकली. तिच्या जोडीची कँडल मिळवायला बाबांनी दोन शनिवार दिल्ली पालथी घातली आणि आणली ती बोटभर उंच निघाली. त्यानंतर झाकण आणखीच वर राहिलं.

हे सगळं काम माझ्याकडे होतं. मी आठवीत होते. घरात मी एकटीच मूल, त्यामुळे वाटून घ्यायला कुणी नाही. सकाळी सहाला नळाला पाणी यायचं, ते आधी मोरीजवळच्या पिंपात भरायचं, पिंपातून कळशीने फिल्टरमध्ये. आज माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर आरओ आहे. त्याला तीन दिवे आहेत, बिघडला की तो शिट्टी वाजवतो, आणि कंपनीचा माणूस बोलावला की तो न उघडताच सांगतो की मॅडम, मेम्ब्रेन गया. मी वाद घालत नाही. मात्र त्याची साफसफाई कधी झाली ते मी स्वतः पाहते. या एका बाबतीत मी घरातल्या कुणाच्या शब्दावर विसंबत नाही, आणि का विसंबत नाही ते माझ्या मुलांना माहीत नाही.

शालनकाकू आमच्याकडे आली ती दसऱ्यानंतर. माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ, फौजेत शिपाई होता. त्याची बदली वर कुठेतरी बर्फात झाली होती, जिथे बायकामुलांना नेता येत नसे. काकूला तिसरा महिना होता. तिला माहेरी आई नव्हती, आणि दिल्लीत फौजेच्या इस्पितळात बाळंतपण चांगलं होईल असं काकाचं म्हणणं पडलं. म्हणून साताऱ्याजवळच्या खेड्यातून तो तिला सरळ आमच्या दारात घेऊन आला, दोन दिवस राहिला आणि गेला. जाताना त्याने तिला आईसमोरच बजावलं होतं की दादा-वैनीचं ऐकायचं. ती एकवीस वर्षांची होती. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, पण उंचीने माझ्याएवढीच.

तिच्या येण्याने घरातले आवाज बदलले. आमच्याकडे आईच्या पुणेरी शिस्तीत सगळं हळू आवाजात चाले. काकू भाकरी थापायची त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जाई, आणि घरमालकीण आंटी जिन्यातून विचारायची की ऊपर क्या कूट रहे हो. दिल्लीच्या थंडीत बाजरी छान मिळते. बाजरीची भाकरी, लसूण आणि लाल मिरचीचा खर्डा, वर ताजं लोणी. बाबा एरवी दोन पोळ्या खाणारे, तीन भाकऱ्या खाऊन आपलं गाव आठवत बसायचे. माझ्या मराठीवर काकू फार हसायची. मी एकदा तिला म्हटलं, काकू यार, जरा मदत कर ना. ती पोळपाटावरून मान वर करून म्हणाली, "यार कुणाला म्हणतीस गं? मी काय तुझ्या वर्गात हाय?" त्यानंतर आम्ही दोघी असलो की तीच मला यार म्हणायला लागली.

फिल्टरशी तिचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. त्या पाण्याला चव नाही, स्टीलचा वास येतो, असं ती म्हणायची. मी कळशी ओतून थेंबांची वाट पाहत बसले की ती शेजारी येऊन उकिडवी बसायची. "आमची म्हस बरी की," ती म्हणायची. "पुढ्यात बसलं की दोन शेर तरी देती. ही नुसतीच बसून ऱ्हाती." कँडलना ती मेणबत्त्या म्हणायची, आणि रविवारी मी त्या घासायला घेतल्या की वाढदिवस कुणाचा म्हणून विचारायची.

घरासमोर एक पार्क होतं आणि पार्काच्या कोपऱ्यात हापसा. थंडीत हापशाचं पाणी कोमट असे. काकू उन्हाला तिथे जाऊन बसायची, आजूबाजूच्या बायकांशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायची, त्यांच्या पोरांना हापसा हापून द्यायची, आणि सुरुवातीचे काही दिवस ते पाणी ओंजळीने प्यायचीही. ह्याला चव तरी हाय, म्हणायची. आंटीने ते पाहिलं आणि आईला सांगितलं. आई रागावली नाही, पण तिने काकूला समोर बसवून स्वच्छ शब्दांत समजावलं की इथली जमीन तुझ्या गावची नाही, वरच्या थराचं पाणी घाण आहे, आणि आता तू एकटी नाहीस. काकूने मान हलवली. त्या दिवसापासून ती हापशावर गेली तरी पाणी घरी येऊनच प्यायची. कधी कधी नाक मुरडून, पण प्यायची फिल्टरचंच. हे मला माहीत होतं, कारण तिच्याबरोबर पार्कात बहुतेक वेळा मीच असायचे.

आता माझ्याबद्दल. दिवाळीच्या सुमारास मला एक युक्ती सापडली. फिल्टर भरायला वेळ लागतो तो कँडलमुळे. वरचं भांडं रिकामं असताना ते उचलून खाली ठेवायचं, पिंपातली एक बादली सरळ खालच्या भांड्यात ओतायची, वरचं भांडं पुन्हा चढवायचं आणि त्यात तांब्याभर पाणी घालायचं, म्हणजे थेंबांचा आवाज येत राहतो. पाच मिनिटांत काम संपतं. आई बाहेरून टकटक करी, भद्द आवाज येई, तिचं समाधान होई. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होते. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्यांदा पाहिलं नाही. मग आठवड्यातून एकदा, परीक्षेच्या आधी दोनदा. मला ते पाप वाटत नव्हतं. शाळेत भूगोलाचा नकाशा खिडकीच्या काचेवर धरून गिरवावा तितपत लबाडी वाटत होती.

संक्रांतीला आमच्याकडे पुण्याहून माणसं यायची. पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला, लढाईत पडलेल्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी त्या दिवशी मराठी लोक जमतात. ज्यांचं दिल्लीत कुणी ओळखीचं आहे ते एक मुक्काम तिथे करतात. त्या वर्षी बाबांचे कॉलेजमधले मित्र गोडबोले, त्यांची बायको आणि आणखी पाच जण आले. घरात आम्ही चार, ते सात. त्याच महिन्यात आमची गल्ली सांडपाण्याच्या नव्या पाइपासाठी खणलेली होती. नळाला पाणी यायचं त्याला पहिली दहा मिनिटं मातकट रंग असे आणि वास येई. बाबांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं की खड्डे बुजेपर्यंत फिल्टरशिवाय एक थेंब प्यायचा नाही, आणि काकूने तर नाहीच नाही.

पाहुण्यांनी सकाळी निघताना आपल्या सगळ्या बाटल्या फिल्टरमधून भरून घेतल्या. आई दारात उभी राहून भरा, भरा म्हणत होती. ते गेले आणि फिल्टर खणखणीत वाजायला लागला. मी वर कळशी ओतली, पण त्या आठवड्यात मी कँडल घासल्या नव्हत्या, आणि मातकट पाण्याने त्या पार बुजल्या होत्या. थेंब पडत होता तो दम खाऊन पडत होता. मंडळी संध्याकाळी तहानलेली परत येणार, आणि पाहुण्याला पाणी मागावं लागणं ही आईच्या लेखी घराची नाचक्की. आई आणि काकू गुळपोळ्या करत होत्या. घरभर तीळ भाजल्याचा वास, काकू लाटत होती, आई भाजत होती. आईने तिथूनच विचारलं की वर्षा, फिल्टर भरलास का. मला गच्चीवर जायचं होतं. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर माझ्या वर्गातल्या मुली होत्या. मी वरचं भांडं उचललं आणि पिंपातल्या दोन बादल्या खाली ओतल्या. पाणी मला तेव्हा स्वच्छ दिसलं होतं. गाळ पिंपाच्या तळाशी बसला होता एवढंच. संध्याकाळी गोडबोले मंडळी कपाळाला तिथली माती लावून परत आली, आणि आईने एकेकाला तांब्याभांडं पुढे केलं. त्याआधी दुपारी, पोळपाटापुढून उठून आलेली काकू दोन भांडी पाणी प्यायली होती.

पुढचा सव्वा महिना काहीच घडलं नाही. काकूला सातवा लागला. आईने डोहाळजेवणाची तयारी काढली, हिरवं लुगडं आणलं, आणि गल्लीतल्या बायकांना डोहाळजेवण म्हणजे काय हे हिंदीत समजावून सांगताना घामाघूम झाली. मग काकूचं जेवण गेलं. फोडणीचा वास नको म्हणायला लागली. पोटुशीला असं होतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. तिला थोडा ताप होता, तोही अंगावर काढला. एका सकाळी आई तिला बाल्कनीत उन्हात बसवून तिची वेणी घालत होती. मी दप्तर भरत होते. आईने तिची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला आणि तिच्या डोळ्यांकडे पाहतच राहिली. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा झाला होता. आंटीने कावीळ उतरवणारा एक माणूस सुचवला. बाबांनी ऐकून घेतलं नाही, टॅक्सी बोलावली. जिना उतरताना काकूने मागे वळून मला सांगितलं की यार, माझी चादर वाळत टाकलीय ती काढ.

मी ती काढली, घडी करून तिच्या अंथरुणावर ठेवली. ती चार दिवस इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं. तिसऱ्या दिवशी ती कुणाला ओळखेनाशी झाली. चौथ्या दिवशी दुपारी बाबा घरी आले, हातात तिच्या बांगड्यांची पुडी होती, आणि आईने ती त्यांच्या हातातून घेऊन कपाटात ठेवली. त्या दिवशी आमच्या घरात रडण्याचा आवाज झाला नाही. आई काम करत राहिली. माणूस गेलं की काय काय करायचं असतं याची एक यादी असते, आणि ती करत राहिलं की दिवस जातो, हे मी तिच्याकडून शिकले.

इस्पितळात डॉक्टरांनी बाबांना विचारलं होतं की पाणी कुठलं पितात. बाबांनी सांगितलं, घरी फिल्टर आहे. मग डॉक्टर म्हणाले, बाहरका कुछ? आणि बाबांना हापसा आठवला. त्यांनी घरी येऊन आंटीला विचारलं. आंटीने सांगितलं की मैंने खुद देखा है, चुल्लू भर-भर के पीती थी. ती खोटं बोलत नव्हती. तिने पाहिलं होतं ते ऑक्टोबरात, आणि आता फेब्रुवारी संपत होता, पण दुःखात महिने कोण मोजतं. दोन दिवसांत ही गोष्ट घट्ट झाली: शालन ऐकायची नाही, गावाकडची सवय, हापशाचं पाणी प्यायली आणि स्वतःबरोबर बाळालाही घेऊन गेली. भेटायला येणारं प्रत्येक माणूस हेच ऐकून जात होतं. मी पाणी घेऊन जायचे आणि ऐकायचे.

काका ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पोहोचला. सगळं आटोपलं होतं. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला, बूटसुद्धा काढले नव्हते. थंडीने त्याचे ओठ फाटलेले होते. बाबांनी त्याला सगळं क्रमाने सांगितलं, हापशाचंही. बाबांचं संपल्यावर त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"वर्षे, तू तिच्यासंगं असायचीस. पीत व्हती का ती तिथलं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबा माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "हो."

"नेहमी?"

"हो."

त्याने मान डोलावली. मग उठला, जिना उतरला, पार्कात गेला. मी बाल्कनीतून पाहिलं. तो एका हाताने हापसत होता आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यात पाणी धरून पीत होता. तीनचार घोट प्यायला. वर येऊन त्याने बूट काढले आणि आईला म्हणाला, "मी पत्रात दर खेपेला लिव्हायचो वैनी, तुमचं ऐक म्हणून." दहा दिवसांनी त्याची रजा संपली आणि तो गेला.

तो गेल्यानंतर पुण्याहून गोडबोलेकाकूंचं पत्र आलं. दुपारची वेळ, बाबा ऑफिसात. त्यांना इकडची बातमी कळली नव्हती. लिहिलं होतं की पानिपतच्या ट्रिपहून आल्यावर महिन्याभराने ह्यांना आणि दुसऱ्या एकांना कावीळ झाली, आता उतार आहे, बहुतेक वाटेत उसाचा रस घेतला तो बाधला. तुम्ही सगळे बरे आहात ना. आईने पत्र दोनदा वाचलं. काकू पानिपतला गेलीच नव्हती. तिने आणि त्या मंडळींनी एकाच ठिकाणचं पाणी घेतलं होतं. आई उठली, फिल्टरचं वरचं भांडं उतरवलं, कँडल काढून उजेडात धरल्या, एकेकीवरून बोट फिरवलं. चीर नव्हती. नट तपासले. घट्ट होते. मग ती वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असं मला वाटतं. तिने विचारलं नाही. पत्र चुलीला म्हणजे गॅसला लावलं, राख मोरीत सोडली, आणि पाणी तापवायला मोठं पातेलं चढवलं. त्या दिवसापासून आम्ही पाणी उकळून पिऊ लागलो. फिल्टर माळ्यावर गेला. बाबांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली की गळतो. बाबांना ते पत्र कधीच कळलं नाही. आई जाईपर्यंत ती आणि मी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तिने मला वाचवलं असं म्हणायला हवं. पण त्या दिवसानंतर तिने माझ्या हातचं पाणी भरलेलं भांडं एकदा तरी आत डोकावून पाहिल्याशिवाय तोंडाला लावलं नाही, हेही खरं.

मोठी झाल्यावर मी एका डॉक्टरला दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असल्यासारखं हे विचारलं. ते म्हणाले, त्या काविळीचा विषाणू इतका बारीक असतो की असल्या कँडलमधूनही तो आरपार जातो. पाणी उकळलं असतं तरच. म्हणजे मी कँडल घासल्या असत्या, रात्रभर थेंब पडू दिले असते, तरी कदाचित तेच झालं असतं. ज्या वस्तूपायी आम्ही इतका जीव काढला ती तिचं काम करतच नव्हती. मी त्या दिवशी घरी आले, जेवले, बऱ्याच वर्षांनी शांत झोपले. दुसऱ्या सकाळी लक्षात आलं की डॉक्टरांनी मला पाण्याबद्दल मोकळं केलं होतं. काकाने मला जे विचारलं होतं त्याबद्दल त्यांच्याकडे काही औषध नव्हतं.

काका गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिल्लीत करून घ्यायचं होतं. निवृत्त होऊन त्याला किती तरी वर्षं झाली. गावी त्याची दुसरी बायको आहे, दोन मुलगे, एक मुलगी, सगळे मार्गी लागलेले. ऑपरेशननंतर आठवडाभर तो माझ्या घरात काळा चष्मा लावून बसलेला असायचा. नुसतं बसवत नाही म्हणून मी त्याच्यापुढे सुपात मटाराच्या शेंगा आणून ठेवल्या, आणि आम्ही दोघं दुपारी शेंगा सोलत बसलो. चष्म्यामुळे त्याचे डोळे मला दिसत नव्हते. बहुधा म्हणूनच मी बोलू शकले. मी सगळं सांगितलं, वर लिहिलंय त्याच क्रमाने. युक्ती, दोन बादल्या, पत्र, आई. आणि शेवटी हे, की काकू हापशाचं पाणी ऑक्टोबरनंतर पीत नव्हती आणि मला ते माहीत होतं.

त्याने हातातली शेंग सोलून संपवली आणि म्हणाला की तुझ्यावर राग यायला पाहिजे, पण येत नाही, तू तेव्हा पोरगी होतीस. म्हणाला, राग तिच्यावर होता. तिचा एक फोटो होता, तो पेटीच्या तळाशी उपडा ठेवला तो ठेवलाच. मुलगी झाली तेव्हा त्याची आई म्हणाली, शालन नाव ठेवू. त्याने नको म्हटलं. जिने हट्टापायी माझं लेकरू घालवलं तिचं नाव घरात नको, असं तो आपल्या आईला बोलला होता. "मनात लई बोललो तिला मी," तो म्हणाला. "लई वर्सं."

वर मी एक गोष्ट लिहिली नाही. लिहिताना हात तिथे थांबला आणि मी पुढे गेले. ती मी त्या दुपारी काकाला सांगितली, म्हणून इथेही लिहायला हवी. संक्रांतीच्या दुपारी काकू पोळपाटापुढून उठून फिल्टरशी आली तेव्हा मी तिथेच होते, हात पुसत. तिने भांडं तोटीखाली धरलं, आणि पाणी एकदम धारेने आलं. ती थबकली. गल्ली खणलेली, बाबांनी बजावलेलं. तिने मला विचारलं, "फिल्टरचंच हाय न्हवं गं?" मी म्हणाले, हो. तेव्हा ती प्यायली.

काकाचा हात शेंगेवर थांबला.

"इचारलं तिनं?"

"हो."

"प्यायच्या आदी?"

"आधी. भांडं हातात धरून उभी होती."

"म्हंजे ती इचारून प्याली," तो म्हणाला. मग पुन्हा तेच म्हणाला, हळू, जसं कुणाला तरी कळवायचं आहे. त्याने शेंग खाली ठेवली आणि चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं, पण मी काढू दिला. त्याने विचारलं की त्या दिवशी तिने काय नेसलं होतं. मी सांगितलं, जांभळं, पदराला पीठ लागलेलं. त्याने विचारलं की ती दिल्लीत हसायची का. तिला करमायचं का. पोराबद्दल काय बोलायची, नाव काय ठेवायचं म्हणायची. इतक्या वर्षांत त्याने तिच्याबद्दल कधी कुणाला काही विचारलं नव्हतं. ऊन खाली उतरेपर्यंत तो विचारत राहिला आणि मी आठवेल ते सांगत राहिले. पाचच महिने ती आमच्याकडे होती. माझ्याजवळ सांगायला फार नव्हतं.